एका रात्रीवर दुसऱ्या रात्रीचा उतारा?

पत्र थोडक्यात असं : ३६ वर्षांच्या या वाचक गेली ६ वर्षं नैराश्यावर उपचार घेत आहेत. तीन औषधं बदलून झाली, सध्या सर्ट्रालिन चालू आहे. ‘बरी आहे, पण जिवंत असल्यासारखं वाटत नाही,’ असं त्या लिहितात. पाच महिन्यांपूर्वी एका परिचिताच्या घरी, चार-पाच जणांसोबत त्यांनी भास घडवणारे मॅजिक मशरूम घेतले. पहिला तास छान गेला. पुढचे चार तास मात्र आपल्याला वेड लागलंय आणि आता यातून परत येणं नाही, या खात्रीत गेले. सोबतचे आपापल्या अनुभवात होते. एकाने ‘विरोध करू नकोस, सोडून दे’ एवढं सांगितलं आणि तो दुसऱ्या खोलीत निघून गेला. तेव्हापासून झोप तुटक झाली आहे, तिन्हीसांजेला छातीत धडधडतं, कधीकधी सगळं जग काचेपलीकडे असल्यासारखं दिसतं. जवळची एक मैत्रीण म्हणते, ‘तुझं द्रव्य चुकलं. मशरूम भीती बाहेर काढतं, एलएसडी स्वच्छ असतं, एमडीएमए मायेनं बरं करतं आणि आयाहुआस्का मुळापासून. तुझा उपचार अर्धवट राहिलाय, तो पूर्ण कर.’ पुढच्या महिन्यात आयाहुआस्काचं एक शिबिर आहे. त्याआधी दोन आठवडे गोळ्या बंद करायला सांगितलं आहे. यांच्या एका मामांना बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा) आहे. नवऱ्याला आणि डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचे प्रश्न तीन : माझ्यासाठी योग्य द्रव्य कोणतं? त्या रात्री माझं काय चुकलं? आणि तो त्रास हाच खरा उपचार होता, हे खरं का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आहे : ‘मला वाटत होतं मी जगात एकटीच उरले आहे, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येत होता.’ त्या वाक्याकडे मी परत येणार आहे. त्याआधी जे तातडीचं आहे ते सांगते.

त्या शिबिराला जाऊ नका. आणि सर्ट्रालिन स्वतःहून बंद करू नका. एरवी या सदरात मी ‘हे करा, ते करू नका’ असं सहसा लिहीत नाही, कारण माणसाचं आयुष्य त्याचं त्यालाच जास्त कळतं. पण इथे विषय शरीरातल्या रसायनांचा आहे आणि चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

आयाहुआस्का हा दोन वनस्पतींचा काढा असतो. एकीच्या पानांत डीएमटी नावाचं भास घडवणारं द्रव्य असतं. ते नुसतं पोटात गेलं तर एमएओ नावाचं विकर (एन्झाइम) ते तिथेच मोडून टाकतं, परिणाम काही होत नाही. म्हणून त्यात दुसरी वनस्पती, एक वेल, घालतात. त्या वेलीतली हार्मिनसारखी द्रव्यं या विकराला थोपवून धरतात आणि डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. अडचण अशी की हेच विकर शरीरातलं सेरोटोनिन, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं एक रसायन, तेही आवरत असतं. तुमची गोळी सेरोटोनिन वाढवून ठेवते, वेल ते कमी होऊ देत नाही. दोन्ही एकत्र आली की सेरोटोनिन सिंड्रोम होण्याचा धोका असतो : ताप, हातापायांना कंप आणि ताठरपणा, भ्रम, अतिशय वेगाने धावणारं हृदय. यात माणसं दगावू शकतात.

‘मग दोन आठवडे गोळ्या बंद ठेवते ना,’ असं तुम्ही म्हणाल. हा आकडा सगळ्या औषधांना सारखा लागू नाही. फ्लुओक्सेटिनसारखं औषध बंद केल्यावरही शरीरातून पुरतं जायला सुमारे ५ आठवडे घेतं. सर्ट्रालिन त्यापेक्षा लवकर जातं हे खरं, पण एकदम थांबवलं तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव, चिडचिड आणि अस्वस्थता येऊ शकते. शिवाय ज्या नैराश्यासाठी ते चालू आहे तेच परत डोकं वर काढतं. म्हणजे आधीच झोप उडालेली असताना तुम्ही आणखी दुबळ्या होऊन त्या शिबिरात पोचणार. औषध कमी करायचं की बदलायचं हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांसोबतच ठरवावं लागतं. शिबिर भरवणाऱ्याच्या निरोपावरून ते ठरत नाही.

आणि मामा. ही ओळ तुम्ही कंसात लिहिली होती. मी ती सर्वांत वर लिहिली असती. सायकेडेलिक्सच्या, म्हणजे जाणिवा बदलून टाकणाऱ्या या द्रव्यांच्या, वैद्यकीय चाचण्यांत ज्यांना स्वतःला किंवा आई-वडील-भावंडांना स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आजार आहे त्यांना बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. काही ठिकाणी ही चौकशी मामा-काका-आजोबांपर्यंत जाते. ज्याच्या घराण्यात हा कल आहे त्याच्यात या द्रव्यांमुळे उन्माद किंवा भ्रम उफाळून येण्याची शक्यता जास्त, म्हणून ही गाळणी लावलेली असते. शिबिराच्या माणसाने तुम्हाला घरच्या आजारांबद्दल विचारलं का? पत्रावरून तरी वाटत नाही.

आता मैत्रिणीच्या त्या कोष्टकाकडे वळू. मशरूम भीती काढतं, एलएसडी स्वच्छ, एमडीएमए मायाळू. असं प्रत्येक द्रव्याला माणसासारखा स्वभाव देण्याचा मोह मला समजतो. त्यात एक दिलासा आहे : गेल्या वेळी चुकीच्या पाहुण्याला घरात घेतलं, या वेळी बरोबर पाहुणा निवडू. पण हे कोष्टक कितपत खरं आहे?

स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाच्या रुग्णालयात यावर एक नेटका प्रयोग झाला. ३२ निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी मेस्कलिन, एलएसडी, सायलोसायबिन आणि एकदा निष्क्रिय औषध दिलं गेलं. मशरूममधलं मुख्य द्रव्य सायलोसायबिन, आणि पेयोटी या निवडुंगातलं मेस्कलिन. आज आपल्याला काय दिलंय हे घेणाऱ्याला सांगितलेलं नव्हतं. मात्रा एकमेकींशी तुल्य ठेवल्या तेव्हा अनुभवाच्या जातीत म्हणावा असा फरक सापडला नाही. फरक सापडला तो मुख्यतः वेळेत : मेस्कलिनचा परिणाम सरासरी ११ तास टिकला, एलएसडीचा ८, सायलोसायबिनचा ५. ही तिन्ही मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एकाच प्रकारच्या ग्राहकावर (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची रेणू जाऊन बसतो ती जागा) काम करतात. एलएसडी इतका वेळ का रेंगाळतं याचा एक धागा २०१७मध्ये हाती लागला : त्याचा रेणू ग्राहकात जाऊन बसला की ग्राहकाचा एक भाग त्याच्यावर झाकणासारखा मिटतो आणि त्याला लवकर सुटू देत नाही.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्या रात्री मशरूमऐवजी ‘स्वच्छ’ एलएसडी असतं, तर भीती टळली असती असं मानायला आधार नाही. ती कदाचित चारऐवजी सात तास पुरली असती. आज बहुतेक संशोधक सायलोसायबिनकडे वळतात त्यालाही ‘स्वभाव’ हे कारण नाही. ते एका कामाच्या दिवसात आटोपतं, आणि एलएसडीच्या नावाभोवती जितका गदारोळ साचला आहे तितका याच्या नावाभोवती नाही.

एमडीएमएची जात मात्र वेगळी आहे. ते सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात बाहेर सोडतं, भीती कमी करतं, समोरच्याबद्दल विश्वास वाढवतं. म्हणून आघातानंतरच्या ताणविकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, त्याच्या चाचण्या झाल्या. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० जणांच्या चाचणीत एमडीएमए घेतलेल्यांपैकी ६७ टक्के लोक शेवटी त्या विकाराच्या निकषांत बसत नव्हते. हा आकडा तुमच्या मैत्रिणीने ऐकला असेल. त्याच्या शेजारचा आकडा सहसा कुणी सांगत नाही : ज्यांना निष्क्रिय गोळी मिळाली, पण तीच दीर्घ मानसोपचाराची सत्रं मिळाली, त्यांच्यातलेही ३२ टक्के लोक निकषांबाहेर गेले. दर तिघांतला जवळपास एक, नुसत्या नीट केलेल्या बोलण्याने. हा आकडा लक्षात असू द्या, तो मला तुमच्यासाठी लागणार आहे. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मंजुरी नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली.

आणि ‘मायाळू’ म्हणण्याआधी एक विचार करा. जे द्रव्य विश्वास वाढवतं ते चुकीच्या माणसाबद्दलही वाढवतं. एमडीएमएच्याच एका अधिकृत चाचणीत उपचार करणाऱ्यांनी रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केलं होतं आणि त्याचं चित्रीकरण नंतर जगासमोर आलं. जिथे नियम होते, कॅमेरा होता, तिथे हे घडलं. तिथे कॅमेरा नसता तर त्या स्त्रीवर कुणी विश्वास ठेवला असता, हा प्रश्न मला अजून छळतो. याशिवाय एमडीएमएने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, आणि सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्या चालू असतील तर त्याचा अपेक्षित परिणामही बोथट होतो.

सायलोसायबिनबद्दलही एक मोठी चाचणी सांगते, म्हणजे आशा केवढी धरायची याचा अंदाज येईल. २०२२च्या या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमची एक मात्रा, आधी तयारी, सोबत प्रशिक्षित माणूस, नंतर बोलणं. तीन आठवड्यांनी ३७ टक्के लोकांना ठळक फरक पडला, नाममात्र मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेला फरक मात्र २० टक्के लोकांत होता. आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करण्याचे प्रकार प्रत्येक गटात काही जणांत दिसले. मी हे संशोधन मनापासून महत्त्वाचं मानते. ज्यांच्यापुढे सगळी दारं बंद झाली होती अशा काहींना त्याने दार उघडून दिलं आहे. पण इतकी काळजी घेऊनही दर पाचातल्या चौघांना टिकाऊ लाभ झाला नाही, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

तुमच्या मैत्रिणीच्या यादीत केटामाइन नव्हतं, आणि गंमत म्हणजे तुम्ही डॉक्टरांशी उघडपणे ज्याबद्दल बोलू शकाल असं तेवढंच आहे. ते जुनं भुलीचं औषध आहे, त्याचं काम मेंदूतल्या वेगळ्याच ग्राहकांवर चालतं. त्याचं एक रूप, एस्केटामाइनचा नाकात मारायचा फवारा, हट्टी नैराश्यासाठी २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, तोही तोंडाने घ्यायच्या औषधाच्या जोडीने. दिल्यावर किमान दोन तास रुग्णाला देखरेखीखाली बसवून ठेवतात. त्याचेही धोके आहेत. रक्तदाब चढतो, सवय लागू शकते, वारंवार मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला इजा होते. शिवाय त्यातही काही मिनिटं आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं. तुमच्या आजच्या अवस्थेत ती जाणीव झेपेल का, हे बघावं लागेल. तेव्हा घाई कशातच नको.

आता तुमचा दुसरा प्रश्न : माझं काय चुकलं?

यावर तुम्हाला बासेलचीच एक जुनी हकिगत सांगते. १९ एप्रिल १९४३ला अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने स्वतः शोधलेलं एलएसडी जाणूनबुजून घेतलं, २५० मायक्रोग्रॅम. ही मात्रा आपल्याला अगदी थोडी वाटत होती, असं त्यांचं म्हणणं होतं. सायकलवरून घरी जातानाची त्यांची गोष्ट लोक रंगवून सांगतात. घरी पोचल्यावर काय झालं ते कमी सांगतात. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना रंगीत मुखवट्यातली चेटकीण दिसली. आपल्यात सैतान शिरलाय, आपण वेडे झालोय, बहुधा मरतोय, असं त्यांना वाटत राहिलं. एलएसडीचा पहिला मुद्दाम घेतलेला अनुभव हा असा होता, आणि तो घेणारा माणूस ते द्रव्य जगात सर्वांत जास्त ओळखणारा होता. पण त्यांच्यासोबत त्यांची सहायक शुद्धीवर होती. डॉक्टरांना बोलावलं गेलं. डॉक्टरांना डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काही सापडलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलं. हळूहळू भीती ओसरली, सकाळी ते ताजेतवाने उठले.

तुमच्याही मनाने तेच केलं जे त्यांच्या मनाने केलं. फरक तुमच्या खोलीत होता. तिथे शुद्धीवर असलेलं, खास तुमच्यासाठी थांबलेलं असं कुणीच नव्हतं. किती द्रव्य पोटात गेलं हेही कुणाला सांगता येणार नाही, कारण मशरूममधलं सायलोसायबिनचं प्रमाण जातीगणिक, पिकागणिक बदलतं. घराण्यातला आजार कुणी विचारला नव्हता. चालू गोळ्यांचा विचार झाला नव्हता. हे सगळं माहीत नसताना ‘हो’ म्हणालात, एवढीच तुमची चूक म्हणायची तर म्हणा. भीती वाटली ही चूक नव्हती.

२०१६मध्ये संशोधकांनी या कठीण अनुभवांचं मोजमाप करायला एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात त्रासाचे सात पदर धरले आहेत : भीती, शोक, मृत्यूची जाणीव, वेड लागल्याची खात्री, एकटेपणा, शारीरिक यातना आणि संशय. हे सात शब्द एका कागदावर लिहा आणि त्या रात्रीतलं काय कुठे बसतं ते बघा. मी तुमचं पत्र असं वाचलं तेव्हा वेड लागण्याची धास्ती वर होती, पण तिच्या तळाशी एकटेपणा होता, तो भिंतीपलीकडचा हसण्याचा आवाज. मला वाटतं तिन्हीसांजेला छातीत जे धडधडतं ते त्या आवाजाशी जोडलेलं आहे. माझा हा अंदाज चुकीचाही असेल. तुमचा कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं.

तिसरा प्रश्न, ‘त्रास हाच उपचार’. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे म्हणूनच ते घातक ठरतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मशरूमचा अतिशय कठीण अनुभव आलेल्या १,९९३ जणांना प्रश्न विचारले. ८४ टक्के लोक म्हणाले की त्यातून शेवटी भलंच झालं. ही झाली तुमच्या मैत्रिणीच्या हाती असलेली अर्धी बातमी. उरलेली अर्धी अशी : ११ टक्के लोकांनी त्या वेळी स्वतःला वा दुसऱ्याला इजेच्या धोक्यात टाकलं होतं. ज्यांच्या अनुभवाला वर्ष उलटून गेलं होतं त्यांच्यातल्या १० टक्के लोकांना मानसिक त्रास वर्षाहून अधिक काळ पुरला. काहींनी आत्महत्येचा प्रयत्न केला, काहींना दीर्घकाळ टिकणारा भ्रमाचा आजार सुरू झाल्यासारखं दिसलं. आणि तुमच्या प्रश्नाला नेमकं लागू पडणारं एक निरीक्षण त्यात आहे : अनुभव किती तीव्र कठीण होता याचा नंतरच्या बरं वाटण्याशी जुळणारा संबंध होता, पण तो कठीण काळ किती लांबला याचा संबंध उलटा होता. थोडा वेळ वादळातून जाऊन बाहेर येणं वेगळं, वादळात तासन्‌तास अडकून पडणं वेगळं.

‘तो त्रासच उपचार होता’ हे वाक्य ज्याचं त्याने, सावरल्यानंतर, स्वतःच्या त्रासाबद्दल म्हणावं. दुसऱ्याने आपल्या त्रासाबद्दल ते म्हटलं की आपली तक्रार तोंडातच राहते. पाच महिने तुमचं तेच झालं आहे. जखमेवर अजून खपली धरलेली नाही आणि ‘ती अर्धवट चिरली गेली म्हणून दुखतेय, पूर्ण चिरून घे’ असा सल्ला तुम्हाला मिळतो आहे. मैत्रीण वाईट नाही. तिला स्वतःला यातून काहीतरी मोठं मिळालं असणार आणि ते तुम्हालाही मिळावं असं तिला वाटतं. तिच्या अनुभवावर मी शंका घेत नाही. तो तुमच्या शरीराला, तुमच्या गोळ्यांना, तुमच्या मामांच्या घराण्याला लागू होतो का, एवढंच म्हणते.

मग आता काय करायचं? काचेपलीकडचं जग, तुटक झोप, अचानक धडधड, हे तुम्हा एकटीलाच होतंय असं नाही. सायकेडेलिक्सनंतर रेंगाळणारा त्रास सोसलेल्या ६०८ जणांचा एक अभ्यास २०२३मध्ये आला. त्यात चिंता, भीती, जगापासून तुटल्याची जाणीव हेच वरच्या क्रमांकांवर होतं. एकतृतीयांश लोकांचा त्रास वर्षापलीकडे गेला, म्हणजे बहुतेकांचा त्याआधी ओसरला. वाट पाहण्यापेक्षा उपचार घ्या, कारण हा त्रास बोलण्याच्या उपचारांना दाद देतो. आघातावर काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक शोधा आणि त्या रात्रीला आघातच समजून कामाला लागा. गांजा आणि दारू पूर्ण बाजूला ठेवा. विशेषतः गांजाने ही काच आणखी जाड होते. झोपेची वेळ सांभाळा. तिन्हीसांज होण्याआधीच दिवे लावा, त्या अर्ध्या तासात कुणाशी तरी प्रत्यक्ष बोला, हाताला काहीतरी काम द्या. धडधड सुरू झालीच तर तिच्याशी झगडू नका. पाय जमिनीवर टेकवा, श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांब सोडा, आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. हे लहान मुलांसारखं वाटेल, तरी करा.

झोप कमी होऊनही अंगात भलतीच ताकद वाटू लागली, विचार धावायला लागले, आवाज ऐकू आले, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटलं, किंवा जगणं नको वाटलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता पहिली दोन लक्षणं घरात अजून एकाला माहीत असायला हवीत. नवऱ्याला सांगायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिता. सगळी रात्र त्यांच्यापुढे मांडायची गरज नाही. ‘मला पाच महिन्यांपासून एका गोष्टीचा त्रास होतोय, मी डॉक्टरांकडे चाललेय, सोबत येशील का?’ एवढ्याने सुरुवात होते.

डॉक्टरांना मात्र सगळं सांगा. काय घेतलं, कधी, किती वेळ त्रास झाला, नंतर काय राहिलं, मामांचा आजार कोणता. बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहून समोर ठेवा. त्यांचं काम तुम्हाला बरं करण्याचं आहे. आणि त्याच भेटीत ते वाक्यही सांगा, ‘जिवंत असल्यासारखं वाटत नाही’. सर्ट्रालिनच्या जातीच्या औषधांनी दुःखाबरोबर आनंदही बोथट होतो, अशी तक्रार अनेकजण करतात. डॉक्टरांना ही तक्रार परिचयाची असते. मात्रा बदलून, औषध बदलून किंवा जोड देऊन त्यावर काहीतरी करता येतं. तुमच्या सहा वर्षांच्या हकिगतीत तीन औषधांची नावं आली, पण कुणाजवळ नियमित बसून बोलल्याचा उल्लेख एकदाही आला नाही. मघाचा ३२ टक्क्यांचा आकडा इथे आठवा. तो पीटीएसडीच्या रुग्णांचा आहे, नैराश्याचा नाही, तरी मला त्यातून एवढं दिसतं की तुमच्यापुढची एक मोठी वाट अजून चालून पाहायची राहिली आहे.

तुमच्यासारखी आणखीही पत्रं येतात, म्हणून त्या वाचकांसाठी थोडं लिहिते. लिथियम हे बायपोलर आजारावरचं औषध चालू असलेल्यांनी या द्रव्यांपासून पूर्ण दूर राहावं. एकत्र घेतल्याच्या लोकांनी स्वतः लिहिलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा जवळजवळ निम्म्यांत फिट आल्याचं दिसलं. व्यसन सोडवायला म्हणून इबोगेन नावाचं एक वनस्पतीजन्य द्रव्य सुचवलं जातं, त्याने हृदयाची लय बिघडून मृत्यू झालेले आहेत. १९७१च्या आंतरराष्ट्रीय करारापासून एलएसडी, मेस्कलिन, सायलोसायबिन ही सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए लिहून देण्याची मुभा दिली, असे अपवाद थोडे. ज्यांना हा मार्ग पाहायचाच आहे त्यांनी अधिकृत वैद्यकीय चाचणी शोधावी. तिथे तुम्हाला नाकारलं गेलं तर त्या नकाराला किंमत द्या. जो माणूस तुमची औषधं, हृदय, रक्तदाब, घराण्याचे आजार विचारत नाही, आणीबाणीत काय करणार हे सांगू शकत नाही, किंवा नंतरच्या आठवड्यात तुमचा फोन उचलणार नाही, त्याच्या हाती आपलं मन देऊ नका.

आणि कधी तुमच्या शेजारी कुणी अशा भीतीत सापडलं तर उठून जाऊ नका. जवळ बसा, आवाज खाली ठेवा, गाणं बंद करा, उजेड मऊ करा. त्याला जे दिसतंय त्यावर वाद घालू नका. ‘तू एक द्रव्य घेतलं आहेस, ते उतरणार आहे, मी इथेच आहे,’ हे दर थोड्या वेळाने, न कंटाळता म्हणा. अंग तापलं, फिट आली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, किंवा तो स्वतःला इजा करू लागला, तर रुग्णवाहिका बोलवा आणि काय घेतलं ते खरं सांगा.

तुमच्यासाठी त्या रात्री हे कुणी केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मैत्रिणीला कळवा : ‘मी येत नाहीये. त्या रात्री मी एकटी पडले होते, आधी त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय.’ ती ऐकून घेईल अशी मला आशा आहे. डॉक्टरांची वेळ आजच घ्या, शिबिराच्या तारखेआधीची मिळाली तर उत्तम. त्यानंतर जमलं तर मला चार ओळी लिहा.